उघडता येणारे चाक

जीपचे कौतुक करताना तिच्या दणकटपणाचा उल्लेख झाल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्या महायुद्धातली विलीज असो किंवा मुंबईत महिंद्राने जोडलेली तिची भारतीय बहीण, दोघींच्या टिकाऊपणाचे श्रेय जाड पत्र्याला आणि जुन्या काळच्या पोलादाला दिले जाते. हे श्रेय चुकीच्या खात्यावर जमा झाले आहे, असे मला वाटते. खडकाळ रस्त्यावर, नदीपात्रात आणि धुळीत लाखभर मैल धावणाऱ्या गाडीचा सगळ्यात नाजूक भाग पत्रा किंवा चासी नसते. चाकाच्या हबमधल्या बेरिंगा आणि पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकाचे सांधे आधी जातात. जीपमध्येही तेच आधी जात, आणि हे ती बनवणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून हे भाग झिजणारच नाहीत असे बनवण्याच्या फंदात ते पडले नाहीत. झिजलेली जागा साध्या पान्यांनी उघडता यावी, झीज नट फिरवून भरून काढता यावी आणि हे काम ठरल्या वेळी व्हावे, एवढी व्यवस्था त्यांनी लावली. जीप टिकली ती या व्यवस्थेमुळे. पोलाद चांगले होते, पण ते दुय्यम.

आपल्याकडे ही व्यवस्था जीपबरोबर आलेली नाही, ती तिच्या आधीची आहे. इंग्रजांच्या काळातले गॅझेटियर सांगते की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दख्खनमध्ये मालवाहू गाड्या फार थोड्या होत्या, आणि ज्या होत्या त्यांची चाके जाड, भरीव, काही ठिकाणी चक्क दगडी असत. १८३६ च्या सुमारास लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने सोलापूरकडच्या टेंभुर्णीत सुधारलेल्या हलक्या गाड्या बनवण्याचा कारखाना निघाला आणि पुढच्या काही दशकांत आऱ्यांच्या चाकांची गाडी देशावर सर्वत्र पसरली. या गाडीत लोखंडी कणा तुंब्यातल्या लोखंडी बांगडीत फिरे. लोखंडावर लोखंड घासणार, म्हणजे झीज ठरलेली. तिच्यावर उपाय एकच, वंगण. एरंडेलात चिंध्या किंवा काजळी कालवून केलेले वंगण गाडीखाली नळकांड्यात टांगलेले असे आणि लांबच्या वाटेवर मुक्कामाला चाक थोडे बाहेर ओढून कण्याला ते लावले जाई. कुणी म्हणेल, ही तर मागासलेली व्यवस्था, रोज हात लावावा लागणारी. पण त्यातली एक गोष्ट नजरेआड करू नये. बांगडी झिजली तर गावचा लोहार दुसरी बसवून देत असे. गाडी कुठेही अडली तरी तिचा इलाज एका दिवसाच्या चालीवर होता.

घर्षण कमी करण्यासाठी मध्ये गोळ्या घालण्याची कल्पनाही मोटारीच्या आधीची. वेल्समधल्या फिलिप व्हॉन याने १७९४ साली घोडागाडीच्या कण्यात गोळ्या बसवण्याचे पेटंट घेतले. ती व्यवहारात रुजली सायकलमुळे, आणि सायकल दुरुस्तीवाल्याकडे छर्रे, कप आणि कोन हे शब्द तेव्हापासून आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी कलाटणी मात्र १८९८ ची. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे घोडागाड्या बनवणारे हेन्री टिमकेन यांनी त्या वर्षी निमुळत्या रोलरांच्या बेरिंगचे पेटंट मिळवले. गाडी वळताना चाकावर वरून वजन तर असतेच, शिवाय बाजूनेही जोर येतो. सरळ रोलर हा बाजूचा जोर पेलत नाहीत. रोलर निमुळते केले, आतला कोन आणि बाहेरची वाटी त्याच उताराची ठेवली, की दोन्ही जोर एकाच बेरिंगमध्ये सामावतात. या रचनेचा दुसरा गुण पुस्तकांत थोडक्यात उरकला जातो, पण माझ्या मते तो अधिक मोलाचा आहे. कोन जरासा आत ढकलला की झिजेमुळे पडलेली ढिलाई नाहीशी होते. साध्या गोळ्यांच्या बेरिंगमध्ये ढिलाई आली की ती काढून फेकावी लागते, निमुळत्या रोलरची मात्र नटाच्या अंशभर फेरीने पुन्हा जुळवता येते. म्हणजे झीज मोजून परत घेण्याची सोय रचनेतच आहे.

जुलै १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने हलक्या, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या टेहळणी गाडीची, म्हणजे पुढे जीप झालेल्या गाडीची, मागणी काढली तेव्हा पहिला नमुना द्यायला ४९ दिवसांची मुदत होती. बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या आराखड्यावरून तो २३ सप्टेंबरला मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्डला पोचवला. इंजिन बाजारातून मिळाले, गिअरबॉक्स मिळाला. अडचण आली ती पुढच्या अ‍ॅक्सलची. तो टोलेडोच्या स्पायसर कंपनीने पुरवला. पुढचे चाक वळतेही आणि फिरतेही, म्हणून अ‍ॅक्सलच्या टोकाला असा सांधा हवा जो कोनात असतानाही एकसमान वेगाने फिरेल. साधा क्रॉस, ज्याच्याशी रॉबर्ट हूकचे नाव सतराव्या शतकापासून जोडलेले आहे, तो कोनात गेला की एका फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. ३० अंशांच्या कोनात हा फरक खाली सुमारे १३ आणि वर सुमारे १५ टक्क्यांपर्यंत जातो आणि स्टिअरिंग हातात थरथरते. समवेगी सांध्यांची पेटंटे १९२० च्या दशकातली: वाइस यांचे, फ्रान्समध्ये फेनाय आणि ग्रेग्वार यांचे ट्रॅक्टा, आल्फ्रेड झेप्पा यांचे. पण इतके सांधे इतक्या अचूकतेने बनवणारे कारखाने थोडेच. सहा लाखांहून अधिक जीपगाड्यांना एकाच जातीचा सांधा मिळेना, म्हणून बेंडिक्स-वाइस, झेप्पा, ट्रॅक्टा आणि स्पायसर असे चार प्रकार वापरात आले आणि देखभालीच्या पुस्तिकेत चारींची उघडझाप वेगवेगळी समजावून द्यावी लागली. ज्या गाडीला आपण एकसंध दणकट यंत्र समजतो तिच्या सगळ्यात अवघड अवयवाची अशी जुळवाजुळव झालेली होती.

या पुस्तिका वाचल्या की सैन्याची गाडीकडे पाहण्याची नजर कळते. चालवणाऱ्याने रोज काय पाहायचे, ठराविक मैलांनी काय उघडायचे, पाण्यातून गेल्यावर काय ताबडतोब साफ करायचे, सगळे बजावून सांगितलेले. चाकाच्या बेरिंगचे काम असे चाले. चाक जमिनीवरून उचलून वर-खाली धरून हलवायचे. ढिलाई जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचे. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर दोष चाकाच्या बेरिंगचा, तशीच राहिली तर चाक ज्यावर वळते त्या किंगपिनचा. मग फ्लँजचे बोल्ट काढायचे, दुमडलेल्या वॉशरचे कान सरळ करायचे, बाहेरचा नट, वॉशर, आतला नट या क्रमाने हब मोकळा करायचा. बेरिंगा धुऊन उजेडात धरायच्या. रोलर निळसर झाले असतील तर त्या तापलेल्या आहेत. वाटीवर रोलरांच्या अंतराने गंजाच्या रेघा असतील तर पाणी आत शिरून तिथे गाडी उभी राहिली होती. खड्डे पडले असतील तर बेरिंग बाद. चांगली असेल तर तळहातावर ग्रीस घेऊन बेरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहायचे, रोलरांमधून ग्रीस वर येईपर्यंत. जोडताना आतला नट चाक जड होईपर्यंत आवळायचा आणि मग साधारण एक षष्ठांश फेरी मागे घ्यायचा, वॉशर, बाहेरचा नट, आणि कान दुमडून कुलूप. ही एक षष्ठांश फेरी म्हणजे सगळ्या कामाचा गाभा. कमी सोडली तर बेरिंग जळते, जास्त सोडली तर चाक डुलते आणि ऑइल सील लवकर फाटते. पुढच्या अ‍ॅक्सलच्या गोल टोपीवर बसवलेली नमद्याची सील तर ठराविक काळाने वंगण गाळतेच, आणि किंगपिनच्या बेरिंगांची पकड पातळ शिमा घालून-काढून जुळवावी लागते.

पाण्याचा उल्लेख वर आला, त्यामागे रसायनशास्त्र आहे. लिथियम साबणाचे ग्रीस येण्याआधी मिस्त्र्यापुढे मोठा पेच होता. चुन्याच्या साबणाचे ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण ८०-९० अंशांपुढे त्याची घडण मोडते. सोडियम साबणाचे तंतुमय ग्रीस उष्णता सोसते, पण पाण्यात मिसळून दुधासारखे पातळ होऊन वाहून जाते. चाकाचा हब ब्रेकड्रमला चिकटलेला, म्हणजे तापणार, आणि जीप नदीत उतरणार, म्हणजे भिजणार. तेव्हाचे कोणतेही एक ग्रीस दोन्ही परीक्षांना पुरे पडत नव्हते. क्लॅरेन्स अर्ल यांची लिथियम ग्रीसची पेटंटे १९४२ ची, आणि ते सर्वत्र रुळायला पुढची बरीच वर्षे लागली. त्या काळात नदी ओलांडल्यावर हब उघडण्याचा नियम कागदी शिस्त म्हणून केलेला नव्हता, त्याला पर्यायच नव्हता. आजही जुन्या मुरलेल्या गॅरेजात एका जातीच्या ग्रीसवर दुसरे चढवू नका, आधी सगळे धुऊन काढा असे बजावतात ते याच काळाच्या अनुभवातून. दोन साबण एकत्र आले की मिश्रण कधी कधी दोन्हींपेक्षा पातळ होते.

भारतात १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मद या कंपनीचे फाळणीनंतर महिंद्रा अँड महिंद्रा झाले आणि विलीजच्या जीपगाड्यांची जुळणी मुंबईत सुरू झाली. लष्कर, वनखाते, पाटबंधारे, मिशनरी दवाखाने, निवडणुकीचा प्रचार, जिथे डांबर नव्हते तिथे ती पोचली. त्याच काळातले एक प्रकरण माझ्या मुद्द्याला पुरावा म्हणून पुरेसे आहे. काश्मीर युद्धाच्या वेळी १९४८ मध्ये लंडनमार्फत लष्करासाठी डागडुजी केलेल्या वापरलेल्या जीपगाड्यांचा करार झाला. त्यातल्या १५५ गाड्या भारतात पोचल्या आणि लष्कराने त्या वापरण्यालायक नाहीत म्हणून नाकारल्या. संसदेत आणि वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती पैशाची आणि प्रक्रियेची, आणि ते योग्यच होते. पण यंत्राच्या बाजूने पाहिले तर ही तीच जीप होती, त्याच पोलादाची, त्याच आराखड्याची. पोलादानेच जीप टिकत असती तर ती एका युद्धानंतर भंगारात निघाली नसती. मधल्या काळात ज्यांच्या हातात ती होती त्यांनी तिच्याकडे कसे पाहिले यावर तिची किंमत ठरली.

यावर पहिला आक्षेप असा की, पोलादाचे महत्त्व मी कमी लेखतो आहे. हलका भार, मंद गती, जाड अ‍ॅक्सल यामुळेच बेरिंग जास्त जगते असे नाही का? काही अंशी आहे. १९४७ मध्ये स्वीडनच्या लुंडबर्ग आणि पामग्रेन यांनी मांडलेले बेरिंगच्या आयुष्याचे गणित सांगते की रोलर बेरिंगवरचा भार निम्मा केला तर आयुष्य जवळजवळ दहापट होते. जीपच्या बेरिंगा त्यांच्या वजनाच्या मानाने सढळ होत्या, हे खरे. पण हे गणित पोलाद थकून मरण्याचे आहे, आणि त्यात ग्रीस स्वच्छ आहे असे गृहीत धरलेले आहे. नदीकाठच्या वाळूत फिरणाऱ्या गाडीची बेरिंग थकून मरत नाही. तिच्यात गारगोटीचा कण शिरतो, वाटीवर ओरखडा उठतो, ओरखड्याचा खड्डा होतो, आणि तेव्हा गणितातल्या आयुष्याचा अजून मोठा भाग शिल्लक असतो. पोलाद बेरिंगला आयुष्य देते ते कागदावर, आणि ते वापरता येईल की नाही हे सील आणि वंगण ठरवतात. बेरिंगच्या टंचाईचे मोल युद्धाने वेगळ्याच प्रकारे दाखवले. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या बेरिंग कारखान्यांवर अमेरिकेने २९१ बॉम्बर पाठवले आणि त्यातले ६० गमावले. जर्मन उत्पादन मात्र थांबले नाही, कारण साठा होता आणि शक्य तिथे साध्या बुशवर परत जाता आले. बैलगाडीची बांगडी, म्हणायचे तर.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही सगळी देखभाल गरिबीची निष्पत्ती होती. श्रम स्वस्त, सुटे भाग महाग आणि आयातीवर निर्बंध, म्हणून आपले मिस्त्री उघडत, धूत, पुन्हा जोडत राहिले. बेरिंगा देशात बनायला लागल्या त्या १९४६ मध्ये जयपूरला स्थापन झालेल्या नॅशनल बेरिंग कंपनीपासून आणि १९६१ मध्ये स्थापन झालेल्या, पुण्याजवळ चिंचवडला कारखाना काढलेल्या असोसिएटेड बेरिंगपासून. तोपर्यंत नवी बेरिंग म्हणजे वाट पाहणे. या परिस्थितीने कसब घडवले हे मला मान्य आहे. पण वेळापत्रक लिहिले होते जगातल्या सगळ्यात श्रीमंत सैन्याने, ज्याला सुट्या भागांची ददात नव्हती. त्या सैन्यालाही बेरिंग उघडून पाहणे नव्या बेरिंगच्या प्रतीक्षेपेक्षा स्वस्त वाटले, कारण आघाडीवर गोदाम नसते. दुर्गम भागातही नसते. गरिबीने कसब जोपासले असेल, पण कसबाची गरज अंतराने निर्माण केली. बैलगाडीचाच दाखला पाहा. ऐंशीच्या दशकात बंगळूरच्या व्यवस्थापन संस्थेचे प्रा. एन. एस. रामस्वामी बैलगाडीला रबरी टायर आणि चांगल्या बेरिंगा द्या, बैलांचा त्रास कमी होईल, असे सांगत होते. त्यांचे म्हणणे बैलांच्या बाजूने बिनतोड होते. टायरगाडी खरोखरच पसरली, पण मुख्यत्वे ऊस वाहणाऱ्या पट्ट्यात, जिथे कारखाना, सडक आणि पंक्चरवाला हाताशी होता. इतर ठिकाणी लोखंडी कणा आणि वंगण दीर्घकाळ टिकले. त्याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, मी तरी म्हणणार नाही.

तिसरा आक्षेप देखभालीच्या आतून येतो आणि त्याचे पूर्ण खंडन मला जमत नाही. हब जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा धूळ आत जाण्याची संधी देता. फुटपाथवर, वाऱ्यात, फाटक्या बनियनने पुसून जोडलेली बेरिंग न उघडलेल्या बेरिंगपेक्षा लवकर जाते. एक षष्ठांश फेरी सोडणे हाताच्या सवयीवर अवलंबून आहे, आणि सवय सगळ्यांची सारखी नसते. ग्रीसने हब गच्च भरणारे, जास्त म्हणजे चांगले समजणारे मिस्त्री प्रत्येक पिढीत झाले आणि त्यांच्या हबमधले ग्रीस तापून ब्रेक शूवर आले. म्हणूनच आज बहुतेक मोटारींत कारखान्यातच सीलबंद केलेले हब येतात. त्यांना ग्रीस भरता येत नाही, नट जुळवता येत नाही. डांबरी रस्त्यावर ते उघडत्या हबपेक्षा जास्त चालतात, आणि वाहनमालकाच्या अज्ञानापासून त्यांना कमी धोका असतो. जे वर्षातून दोनदा कच्च्या रस्त्यावर जातात त्यांनी सीलबंद हबाला नावे ठेवणे हा निव्वळ हौसेचा प्रकार आहे. पण ज्यांचे पोट कच्च्या रस्त्यावर आहे त्यांनी हा बदल अजून पूर्ण स्वीकारलेला नाही. १९८४ पासून बनत असलेली टोयोटाची ७० मालिका, जी ऑस्ट्रेलियातल्या खाणी आणि आफ्रिकेतल्या मदतसंस्था वापरतात, आजही पुढे बंद गोल टोपीचा, सांधे वंगणात ठेवणारा अ‍ॅक्सल आणि उघडता येणारे हब ठेवून आहे. तिच्या मागच्या अ‍ॅक्सलचा दांडा फक्त पिळाचा जोर पेलतो आणि वजन हब पेलतो, म्हणजे दांडा तुटला तरी चाक जागेवर राहते. पहिल्या काही नागरी जीप सीजे-२ए गाड्यांतही मागे असाच अ‍ॅक्सल होता, पण १९४६ मध्येच तो खर्च आणि वजन वाचवण्यासाठी बदलला गेला. टिकाऊपणाचा त्याग कुणाला सोयीचा वाटला हे त्यातून कळते.

भारतीय लष्करही बदलले. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी जुन्या जीपच्याच घराण्यातली, घन अ‍ॅक्सल, गोल टोपी, किंगपिन, नमद्याची सील. २०१७ मध्ये तिच्या जागी टाटा सफारी स्टॉर्मच्या ३,१९२ गाड्यांची मागणी देण्यात आली. तिच्यात पुढची चाके स्वतंत्र, सांधे रबरी बुटात. माझा मुद्दा यामुळे कोसळतो का? लष्कराच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या ई.एम.ई. कोअरची स्थापना १५ ऑक्टोबर १९४३ ची, त्यांच्या खडकीसारख्या पायाभूत कार्यशाळा आणि त्यांच्या मागे सुट्या भागांची साखळी आहे. ज्याच्या मागे ती साखळी आहे त्याला हब बदलणे परवडते, आणि तेच त्याचे वेळापत्रक झाले आहे. नट फिरवणाऱ्या हाताची जागा गोदामातल्या नोंदवहीने घेतली. ज्याच्या मागे साखळी नाही त्याला जुनाच हिशेब पुन्हा मांडावा लागतो, फक्त काम थोडे वेगळे: हब उघडण्याऐवजी दर काही हजार किलोमीटरला गाडीखाली वाकून रबरी बूट फाटला आहे का, पट्ट्या ढिल्या आहेत का, फटीतून ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला काळा थर बसला आहे का, एवढे पाहणे. बूट पहिल्या फाटीलाच बदलला तर सांधा वाचतो. न बदलल्यास वळणावर कटकट आवाज येऊ लागतो, आणि तोपर्यंत सांध्याच्या खोबणी खाल्लेल्या असतात.